निबंध, दहा गुण

मला दिसत नाही. पेपर मी तोंडाने सांगते आणि लेखनिक लिहितो, म्हणून मला जादा वेळ मिळतो. मिळायला हवा. गेल्या वर्षी आमच्या केंद्रप्रमुखांनी, म्हणजे घड्याळसरांनी, "सगळ्यांना एकच घंटा" म्हणत उत्तरपत्रिका ओढून घेतली. मी भाषेत नापास झाले, वर्ष पाण्यात गेलं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर दात होता. लपवायचं कशाला?

यंदा त्यांनी माझ्या आत्तेबहिणीला दारातच अडवलं. ती माझ्यापेक्षा एक इयत्ता खाली, लेखनिक म्हणून रीतसर मंजूर झालेली. तरी म्हणे, ही फार चुणचुणीत दिसते, हीच उत्तरं देईल. दिली घरी पाठवून. नेमकं तेव्हाच भरारी पथक आलं. पथकाच्या मॅडमनी विचारलं, मग हिचा पेपर कोण लिहिणार? बाकी शिक्षक वर्गावर अडकलेले.

"मग तुम्हीच बसा," मॅडम म्हणाल्या. "आणि ती सांगेल ते जसंच्या तसं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅडम स्वतः खुर्ची ओढून कोपऱ्यात बसल्या.

मी काही वेडी नाही. यंदाही नापास झाले असते तर घरच्यांनी शिक्षणच थांबवलं असतं. म्हणून आधी उतारे, कविता, व्याकरण सांगून पास होण्यापुरते मार्क पदरात पाडून घेतले. निबंध मागे ठेवला. घंटा झाली, पोरं गलका करत जिना उतरली, आणि माझा जादा वेळ सुरू झाला.

"विषय, माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग," मी म्हणाले. "लिहा. गेल्या वर्षी केंद्रप्रमुखांनी माझी उत्तरपत्रिका ओढून घेतली."

पेन थांबलं. सर हळूच म्हणाले, "बाळ, असल्या निबंधाला मार्क मिळत नाहीत." बाळ! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"लिहा, सर."

सावकाश सांगितलं सगळं, अगदी स्वल्पविरामासकट. निकालाच्या दिवशी आई जेवली नाही, तेही. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. मग म्हटलं, वाचून दाखवा. तसा नियमच आहे. वाचताना त्यांनी एक वाक्य गाळलं.

"एक राहिलं, सर."

कोपऱ्यात मॅडमची खुर्ची करकरली.

"शिकून ही असे काय दिवे लावणार आहे," सरांनी वाचलं.

"कोण म्हणालं तेही लिहिलंय. तेही वाचा."

"असं केंद्रप्रमुख म्हणाले," त्यांनी वाचलं. मग लेखनिकाची सही कुठे करायची ते मॅडमनी त्यांना दाखवलं.