क्षच्या जागी एक्स

माझ्या धाकट्या दिरांना चांगली चाललेली वस्तू बघवत नाही. मिक्सर असो, दाराची कडी असो की माणूस असो, ते आधी मान तिरकी करून बघतात, मग "हे असं नसतं" म्हणतात आणि बाह्या सरसावतात. मध्यंतरी ते आमच्याकडे जेवायला आले आणि त्यांची नजर राउटरवर पडली. बिचारा खिडकीत दिवे लुकलुकवत बसला होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जेवण वाढेपर्यंत दिरांनी त्याला कपाटावर चढवलं, नेटचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, माझा आणि नवऱ्याचा फोन स्वतःच्या हातांनी जोडून दिला, आणि आता कसं पळतं बघा म्हणत मोठं काम केल्याच्या थाटात पानावर येऊन बसले.

एक गोष्ट तेवढी त्यांनी जोडली नाही, ती म्हणजे टीव्हीखालचा गेम कन्सोल. त्यांच्या लेखी ते खेळणं होतं, आणि साठी उलटलेल्या वहिनीचं खेळणं म्हणजे तर नुसता विनोद.

कन्सोल माझ्या मुलाचा. नोकरीसाठी तो दुसऱ्या शहरात गेला आणि हे यंत्र मागे राहिलं. मी सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. डोळ्यांना आणि बोटांना काम नसलं की माझी चिडचिड होते. म्हणून मी मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावून बसू लागले. एका रविवारी दिवेलागणीला ट्रॅकवर माझ्या भाच्याच्या नावाची गाडी आली. भाचा वेड्यासारखा भरधाव हाकतो हे मला मुलाकडून माहीत होतं. ही गाडी मात्र प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत, कडेकडेने, मागून येणाऱ्याला वाट देत येत होती. खेळात कुणी कुणाला वाट देत नाही. असा शहाणपणा करणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे, भाच्याचा बाप, माझा दादा.

दादाचा आणि माझा अबोला आहे. आई गेली तेव्हा त्याने तिच्यावर चार पानं लिहिली आणि सगळ्यांसमोर वाचण्याआधी माझ्या हातात दिली. वाचायला दिली, असं त्याचं म्हणणं. मी लाल पेन काढलं. ऱ्हस्वदीर्घाचा नुसता चिखल होता, 'आई' सोडून एक शब्द धड नव्हता. खुणा करून मी पानं परत दिली. त्याने ती घडी करून खिशात घातली, त्या दिवशी काही वाचलं नाही आणि पुढे माझ्याशी बोललाही नाही. चुका होत्या, त्या दाखवल्या. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पण अबोल्यात गाडी चालवायला बंदी नसते. आम्ही दर रविवारी ट्रॅकवर भेटू लागलो. माइक बंद, संदेश नाही, काही नाही. मी पुढे निघून जायचे, तो मागून रडतखडत यायचा. त्याची गाडी दिसली की मला बरं वाटायचं. एवढं बरं वाटायचं की रविवार सकाळपासून मी घरात कुणावर खेकसायचे नाही.

दिरांनी हात फिरवल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी कन्सोलने पासवर्ड मागितला. मी जुना दिला, त्याने नाकारला. तेव्हा मला वाटलं यंत्र रुसलंय, आज नाही तर उद्या ताळ्यावर येईल. मग मुलाचा फोन आला. मामाची गंमत सांगत होता तो. मामा म्हणे रिकाम्या ट्रॅकवर गाडी उभी करून कितीतरी वेळ बसला होता, आणि उठताना स्वतःच्या मुलाला म्हणाला, पुढच्या रविवारी एकदा बघतो, नाही तर घेऊन जा हे तुझं. मुलगा हसत होता. मला हसू आलं नाही. लहानपणी शाळेच्या फाटकाशी दादा असाच थांबायचा, आणि एकदा निघाला की मागे वळून बघायचा नाही. तो गेला की गेलाच.

तर आज तो रविवार होता. दुपारपासून मी जमिनीवर बसून कन्सोलशी झगडत होते. पडद्यावर घरातलं नेट दिसत होतं, त्याचं दिरांनी ठेवलेलं नावही दिसत होतं: विचारू नका. काय ही विनोदबुद्धी. नाव निवडलं की खाली पासवर्डाची रिकामी चौकट यायची. नवऱ्याच्या फोनमध्ये तो होता, पण काळ्या ठिपक्यांच्या रूपात. नेट कंपनीच्या माणसाने मला राउटर बंद करून चालू करायला लावलं, मग पुन्हा तेच करायला लावलं, आणि शेवटी नवा पासवर्ड हवा असेल तर उद्या माणूस पाठवतो म्हणाला. उद्या येऊन तो काय माझ्या दादाला परत आणणार होता? नवऱ्याच्या फोनचं नेट जोडून पाहिलं, तर ते इतकं अशक्त की गाडी ट्रॅकवर येण्याआधीच खेळ मला बाहेर काढत होता. मुलाने फोनवर विचारलं, आई, पासवर्ड काय आहे? मी फोन ठेवून दिला. एवढं शिकवून हे.

शेवटी नाक मुठीत धरून दिरांना फोन लावला.

"भाऊजी, नेटचा पासवर्ड काय ठेवलात?"

"लक्षात नाही," ते म्हणाले आणि खदाखदा हसले.

मी फोन कापला. दुसऱ्याच्या घरातल्या कुलपाची किल्ली हरवायची आणि वर दात काढायचे. हा माणूस तिसऱ्या वर्षी लग्नाचा वाढदिवस विसरला होता तेव्हाही असाच हसला होता.

नवरा पेपर वाचत होता. माझा नवरा बोलायच्या आधी पान उलटतो. त्याने पान उलटलं आणि काय म्हणाला धाकटा, असं विचारलं.

"लक्षात नाही म्हणाला."

"हसला का?"

"हसणार नाही तर काय करणार?"

"मग तोच असेल," नवरा म्हणाला. "लहानपणापासून त्याची खोड आहे. स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसतो."

मला उलगडायला क्षणभर लागला. शेजाऱ्यांनी नेट मागितलं तर काय सांगायचं? विचारू नका. आणि विचारलंच कुणी, तर लक्षात नाही. असल्या पाचकळ विनोदावर माझा भाऊ टांगून ठेवला होता. पुन्हा फोन लावला तर व्यस्त लागला. वहिनीने फोन कसा आपटला, याची बातमी नातेवाइकांत वाटत बसले असणार.

मग मी टाइप करायला घेतलं. 'क्ष' म्हणजे क् आणि ष, त्यामुळे के, एस, एच. 'ना'ला काना, म्हणून दोन ए. 'ही' दीर्घ, म्हणून दोन ई. व्यवस्थित, नियमाला धरून लिहिलं. कन्सोल म्हणाला, चुकीचा. मी एक ए कमी केला. चुकीचा. मधे जागा सोडली. चुकीचा. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. दादा आता पाणी पिऊन, चष्मा पुसून पडद्यासमोर बसला असेल. 

आणि मग मला दिरांचे संदेश आठवले. रोज सकाळी येणारे, फुलांचे, उपदेशाचे, प्रत्येकाच्या शेवटी "लक्षात ठेवा". रोमन अक्षरांत. त्यात 'क्ष'साठी एक्स. ते बघून मी रोज सकाळी त्यांना मनातल्या मनात निरक्षर म्हणत आले होते. आयुष्यभर मी चूक शोधली. आज नेमकी दुसऱ्याची चूक जशीच्या तशी करायची होती, आणि माझी बोटं काही केल्या त्या एक्सवर जाईनात. डोळे बारीक करून दाबलं. एल, ए, एक्स, ए, टी. पुढे 'नाही', तेही साधं, एकच ए, एकच आय.

कन्सोल म्हणाला, जोडलं गेलं.

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. खेळ उघडला. ट्रॅकवर एकच गाडी होती, सुरुवातीच्या रेषेवर, कडेला, मागून येणाऱ्याला वाट राहील अशी उभी केलेली. मी माझी गाडी तिच्या शेजारी नेली.

 मग पडद्याच्या कोपऱ्यात एक शब्द उमटला. यू, एस, एच, आय, आर. उशीर.

दादाच्या त्या चार पानांत हा शब्द होता. आईला शेवटी पाणी द्यायला मला उशीर झाला, असं त्याने लिहिलं होतं. शी ऱ्हस्व काढली होती, आणि मी तिच्याभोवती लाल गोल केला होता. आता मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. रोमन अक्षरांत शी पहिली की दुसरी, काही कळत नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, तेव्हा उरलं होतं ते फक्त त्याचं म्हणणं, आणि ते मी पहिल्यांदाच वाचत होते. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं.

उत्तरात मी लिहिलं, पासवर्ड लक्षात नव्हता. एक्स घालून लिहिलं.

 शर्यतीचे दिवे लाल झाले, मग हिरवे झाले, आणि दादा नेहमीसारखा पहिल्याच वळणाआधी ब्रेक दाबून बसला. मठ्ठ कुठला. मीही ब्रेक दाबला आणि त्याला पुढे जाऊ दिलं.