हेच बरं, नाही का?

ज्याला अक्षरे नीट दिसत नाहीत, तो माणूस उत्तर देण्यापूर्वी किंचित मान वळवतो. अक्षरांकडे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजाकडे. हालचाल अगदी थोडी असते. भिंगांच्या यंत्रामागे हनुवटी जेमतेम नखभर सरकते. इल्सा राउटिओला सुरुवातीला वाटायचे, पेशंटची मान अवघडली असेल. पुढे तिच्या ध्यानात आले, की अक्षरांतून उत्तर मिळेनासे झाले की माणूस ते समोरच्याच्या आवाजात शोधू लागतो.

अमेरिकेतल्या सुपिरिअर सरोवराकाठच्या टॅमरॅक बे गावात डोळ्यांचा दवाखाना एकच होता, डॉ. कार्ल लाहतींचा. कॉलेज संपल्यापासून इल्सा तिथे मदतनीस होती. सात वर्षांची असताना तिचा एक डोळा आळशी असल्याचे याच डॉक्टरांनी ओळखले होते, वर्षभर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावले होते. शाळेत पोरे तिला समुद्री चाचा म्हणत, तेव्हा स्वतः एका डोळ्यावर पट्टी लावून डॉक्टर तिच्या वर्गात जाऊन बसले होते. गाव त्यांना ‘डॉक’ म्हणत असे. इल्सासाठी ते त्याहून बरेच काही होते.

नंबर काढायलाही त्यांनीच तिला शिकवले. एकदा तिने लाकूडतोड्या आयनोला भिंग बदलताना विचारले होते, “आता जास्त स्पष्ट, हो ना?” आयनो हो म्हणाला. चष्मा आला आणि आठवड्यात तो कपाळ दाबत परत आला.

“चूक आयनोची नाही, पोरी,” डॉक म्हणाले होते. “तू विचारलंच नाहीस. तू सुचवलंस. खुर्चीतला माणूस अंधारात असतो, त्याला आपल्याला खूश करायचं असतं. पहिलं बरं, की दुसरं, की दोन्ही सारखीच? एवढंच म्हणायचं, आणि आवाज सपाट ठेवायचा.”

त्या वसंतात, म्हणजे दारातला बर्फ अजून कमरेएवढा असताना, इल्सापुढे स्वतःचीच निवड उभी राहिली. दृष्टितपासणीच्या डॉक्टरकीसाठी तिला दोन शाळांत प्रवेश मिळाला होता. हार्टवेल गाडीने चार तासांवर, नवी कोरी. प्रेस्कॉट दूर दक्षिणेला, जुनी. शुक्रवारी दोन्हीकडे कळवायचे होते आणि इल्साच्या तोंडून काही निघत नव्हते.

“अगं, यात विचार कसला करायचा?” आई ताटात बटाटे वाढत म्हणाली. “डॉक हार्टवेल म्हणतात ना? मग झालं! तुझा डोळा कोणी वाचवला?”

“डोळा त्यांनी वाचवला, पण अभ्यास हिलाच करायचाय,” वडील म्हणाले. ते काउंटीचा बर्फ हटवणारा ट्रक चालवत, आणि बर्फाच्या दिवसांत जेवताना डुलक्या घेत.

“तुम्ही झोपा! मुलगी हजार मैल गेली म्हणजे शनिवारी आंघोळीची सौना तापवून कोणाची वाट बघणार आहात?”

वडिलांनी ताट पुढे ओढले. इल्साने बटाटे चिवडले.

हार्टवेलची पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नाही, एवढी एकच गोष्ट तिला टोचत होती. डॉकना तिने दोनदा सांगून पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. “नवी इमारत, नवी यंत्रं, घर जवळ. हार्टवेलच बरं, नाही का? चार वर्षांनी ये आणि माझ्या या खुर्चीवर बस. या गावाला दुसरं कोण आहे?”

आणि तिने दोन्ही वेळा मान हलवली होती.

मंगळवारी डॉक जेवायला बाहेर गेले असताना एक माणूस मोजपट्टी घेऊन आला. दाढी गुळगुळीत केलेली, शहरी बूट, बर्फाने पार भिजलेले.

“डॉक्टरांनी सांगितलंय,” म्हणत त्याने तपासणीच्या खोलीची भिंत मोजायला घेतली. “इथे पडदा बसेल. छान. मधली भिंत पाडावी लागणार.”

“कसला पडदा?”

“डॉक्टर शहरात बसून व्हिडिओच्या पडद्यावरून बोलतील ना. आठवड्यातले दोन दिवस माणूस येईल, बाकी दिवस पडदा. आमच्या सगळ्याच छोट्या दुकानांत असंच असतं.” त्याने वळून तिच्याकडे पाहिले. “थांबा, तुम्हीच का त्या हार्टवेलला जाणाऱ्या? अभिनंदन! लाहती म्हणाले होते, पोरगी हुशार आहे, नक्की येईल. आमची चष्म्यांची कंपनी दवाखाना विकत घेते तेव्हा डॉक्टरांकडून हार्टवेलसाठी एक विद्यार्थी मागतेच. शिक्षणाला मदत आम्ही करतो, आणि नंतर तुम्ही कंपनीकडे.”

“कंपनीकडे म्हणजे इथेच ना? या दवाखान्यात?”

तो हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाने काही गोड विचारावे तसा हसला. “इथे डॉक्टर ठेवणं कसं परवडेल हो? जिथे गरज असेल तिथे पाठवतील. मिलवॉकी, डेट्रॉइट. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?”

इल्साने सांगितले, हो, सांगितले आहे. खोटे का बोलली ते तिचे तिलाही कळले नाही. कदाचित डॉकची लाज वाटली म्हणून, कदाचित स्वतःची.

कोट चढवून ती बाहेर पडली. गाडीत बसून तिने दार आपटले. ज्या माणसाने आपला डोळा वाचवला, त्यानेच आपल्याला अंधारात बसवले!

ती खाडीपलीकडे ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतल्या, फक्त त्यांच्यासाठी असलेल्या आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या नेत्रतज्ज्ञ डॉ. डेनिस कडॉट दर वर्षी शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला येत आणि इल्सा त्यांच्या हाताखाली असे. डेनिसबाई पुढ्यात भाजलेल्या माशाचा डबा उघडून बसल्या होत्या.

“ये. मासा खा. चेहरा असा का? कोणी मेलं का?”

“दोन शाळांपैकी कोणती चांगली, ते विचारायला आलेय.”

“अस्सं.” बाईंनी बोटे पुसली. “मग आधी एक ऐक. मी स्वतः प्रेस्कॉटची. तिथले विद्यार्थी दर उन्हाळ्यात माझ्याकडे शिकायला येतात आणि माझं निम्मं काम उरकून जातात. तेव्हा मी प्रेस्कॉटचं कौतुक करायला लागले, तर त्यातलं थोडं कापून टाक. आता विचार.”

इल्साच्या डोळ्यांत एकदम पाणी आले.

“अगं बाई! मी अजून काही बोललेसुद्धा नाही.”

मग इल्साने सगळे सांगितले. बाईंनी डबा मिटला.

“हार्टवेल वाईट आहे असं मी म्हणणार नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “तिथून अजून एकही जण डॉक्टर होऊन बाहेर पडलेला नाही, त्यामुळे ती कशी आहे ते कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक नसणं वेगळं आणि वाईट असणं वेगळं. पण आजूबाजूला नुसती शेतं, पेशंट कुठून आणणार? म्हणून शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना कंपनीच्या दुकानांत पाठवणार. तिथे नंबर काढायला शिकशील, झकास काढशील. प्रेस्कॉटच्या दारात मात्र सकाळपासून रांग असते. मधुमेहाने डोळ्याचा पडदा सुजलेले, काचबिंदूने कडेची नजर गेलेले. तिथे गर्दी आहे, उकाडा आहे, घरं महाग आहेत आणि पहिल्या वर्षी मी न्हाणीघरात बसून रडायचे. तेही जमेस धर.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“मी काहीच म्हणत नाही. तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांचे डोळे तुला बघायचेत की मिलवॉकीच्या दुकानात चष्मे विकायचेत, हे मी कशाला सांगू? दोन्ही इमानदारीची कामं आहेत. पण ज्याने तुला सल्ला दिला, त्याने त्या सल्ल्यात आपलं काय अडकलंय ते आधी सांगायला हवं होतं. सल्ला खरा असेलही. पण ते न सांगता दिला, तर तो सल्ला उरत नाही. ती विक्री होते!”

परतताना, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती मागे पडत असताना, इल्साला तो खांद्यावरचा हात आठवला. हार्टवेलच बरं, नाही का? आयनोला विचारलेला प्रश्न तरी अडाणीपणाचा होता. हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते!

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ती पोचली. डॉक मऊ कापडाने भिंगे पुसत होते.

“तो मोजपट्टीवाला भेटला म्हणे तुला,” तिच्याकडे न बघता ते म्हणाले. “मी सांगणारच होतो.”

“कधी? शुक्रवारनंतर?”

डॉकचा हात थांबला.

“पोरी, तीन वर्षं झाली, हा दवाखाना घ्यायला कोणी तयार नाही. तरुण डॉक्टर येतात, बर्फ बघतात, परत जातात. मी दार लावलं तर म्हाताऱ्या माणसांनी दोन तास गाडी चालवत जायचं? अर्ध्या आंधळ्यांनी? कंपनी म्हणाली, दिवे चालू ठेवतो, फक्त एक विद्यार्थी द्या.”

“आणि तुम्ही मला दिलंत.”

“तुझंही भलंच होतं त्यात!”

“होतं असेल! मग ते मला बघू का दिलं नाहीत? कंपनीचं नाव काढलंत का? पडद्याचं? मी इथे परत येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी खुर्चीचं आमिष दाखवलंत! तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, डॉक. तुम्ही सुचवलंत.”

त्या शब्दावर डॉक खाली बसले, आपल्या नव्हे, पेशंटच्या खुर्चीत. त्यांनी कापडाची घडी घातली आणि मोडली.

“हो,” ते म्हणाले. “सुचवलं. इतक्या वर्षांत एकाही पेशंटशी असं वागलो नव्हतो, ते तुझ्याशी वागलो. खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ही भीती होती. म्हणजे मला उत्तर आधीच माहीत होतं.” त्यांनी डोळे चोळले. “सगळं तुझ्या आईला मी स्वतः सांगेन. तिने माझ्यामुळे तुझ्यामागे भुणभुण लावली असणार.”

“फार.”

“तिला प्रेमाने सांगतो, मग ती मला शिव्या घालेल.”

इल्साला हसू आले नाही. राग गेला नव्हता, आणि तो लगेच जावा असेही तिला वाटत नव्हते. पण समोर जो बसला होता तो खलनायक नव्हता. थकलेला, घाबरलेला माणूस होता, आणि त्याने आपली भीती तिच्या भल्याच्या नावाने खपवली होती.

वाचकहो, आपल्या घरांत, कचेऱ्यांत, शाळांत हे रोज चालते. मुलाने काय शिकावे, सुनेने नोकरी करावी की नाही, म्हाताऱ्यांनी कोणाकडे राहावे, सगळीकडे आपण विचारल्यासारखे करतो आणि उत्तर हातात ठेवतो. ज्याचा आपल्यावर विश्वास आहे, त्याला सल्ला देण्याआधी त्यात आपला किती लाभ आहे हे सांगणे, हा उपकार नाही, कर्तव्य आहे. आणि ज्याला सल्ला मिळतो, त्याने कृतज्ञतेची किंमत स्वतःच्या आयुष्याने चुकवायची नसते. डोळा वाचवणाऱ्याचे ऋण मोठे असते खरे, पण त्या डोळ्याने कुठे बघायचे हे ठरवायचा हक्क त्याला मिळत नाही!

बाहेर बर्फ हटवणारा ट्रक घरघरत गेला. बहुधा वडीलच असावेत. डॉक खुर्चीतून उठले.

“कंपनीचा माणूस दुपारी येईल,” ते म्हणाले. “विद्यार्थ्याचं विचारेल. त्याला काय सांगू?”

कित्येक दिवस जिभेवर अडकलेले वाक्य इल्साने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“सांगा, इल्सा प्रेस्कॉटला चालली आहे. आणि शिकून झालं की परत याच गावात येणार आहे, स्वतःचा दवाखाना काढायला.”