डावीकडे वळवलेला काटा

दैवशालाने जीपचं दार दोनदा आपटलं, तेव्हा कुठे ते लागलं. भावाच्या अंगणातून जीप बाहेर पडली तरी नवऱ्याने, वैजीनाथने, ‘कशी आहेस’ एवढंही विचारलं नव्हतं. आल्या आल्या तो म्हणाला होता,

“काटा वाचायला चल जरा. जोर दिला की गाडी बंद पडायलीय.”

तीन महिन्यांपूर्वी भाच्याच्या साखरपुड्याला निघायचं, तर हा गृहस्थ गंगाखेडच्या आपल्या गॅरेजात जीपला जोर वाढवणारा टर्बो बसवत बसला. ती एकटीच एसटीने ताडकळसला आली आणि रागाने माहेरीच राहिली. तो येईल, ‘घरी चल’ म्हणेल, म्हणून रोज वाटेकडे डोळे लावून बसली. शेवटी आला, तो गाडीचं गाऱ्हाणं घेऊन.

जीप जुनी, कार्बोरेटरची. पेट्रोलचा दाब दाखवणारं मीटर काचेबाहेर, बॉनेटवर बसवलेलं, कारण पेट्रोलची नळी आत आणणं धोक्याचं. त्याचं तोंड मात्र डाव्या सीटकडे वळवलेलं होतं. वैजीनाथच्या सगळ्या उद्योगांत गाडी तो चालवायचा आणि काटा ती वाचायची. निदान तेवढा वेळ तरी तो तिचं ऐकायचा.

गावाबाहेर मोकळा रस्ता लागला. वैजीनाथने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. टर्बोची शीळ ऐकू आली.

“किती?”

“साडेतीन... साडेतीनच हाय. चढंना.”

इंजिन आचके देऊ लागलं. त्याने जीप बाभळीखाली घेतली. दैवशालाच आधी उतरली आणि तिने बॉनेट उघडलं. टर्बो हवा दाबू लागला की पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढावा लागतो, नाहीतर कार्बोरेटर उपाशी राहतो. ती हवा पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला कळावी म्हणून एक बारीक नळी कार्बोरेटरच्या तोंडाशी, वरच्या तोटीला जोडायची. टर्बो बसवायच्या आधी कितीतरी दिवस त्याने जेवताना हेच पुराण लावलं होतं. तिला ते पाठ झालं होतं.

नळी काढून खाली सोडलेली होती, तिच्या तोंडात रबरी बूच. क्लिप कोरी करकरीत, नीट आवळलेली. वरच्या तोटीलाही तसंच बूच. झोपेतसुद्धा या माणसाच्या हातून असली चूक झाली नसती.

तिने वळून पाहिलं. वैजीनाथ फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

“काटा वाचायला तुमच्या बजरंगला न्हाई का बसवलं?”

“बसवलं की.”

“मग? गॅरेजात काम करून त्याला वाचता येईना व्हय?”

“येतंय.” त्याने फडक्याची घडी घातली. “चांगलं येतंय.”

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. या माणसाची तीन महिने इतकी आठवण यावी, याचाच तिला राग आला.

“नळी वर लावू का?” त्याने विचारलं. “लगेच व्हतंय. मग सोडतो तुला भावाकडं.”

तिने बॉनेट खाली घेतलं.

“ऱ्हाऊ द्या. हळूहळू घेतली तर जाईल की गंगाखेडपर्यंत.”

“लय वेळ लागंल.”

“लागू द्या,” दैवशाला म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.