चौथं टिंब

राइयाने डिस्कच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. आत काहीतरी जड फिरू लागलं, वेग घेत गेलं, एका सुरावर स्थिरावलं. मग खर्र, टक, टक, आणि लगेच एक लांब घसरण. डिस्क वाचणारं डोकं अर्ध्या वाटेवरून माघारी फिरून आपल्या मूळ जागी जाऊन बसलं होतं. तिने हात काढून संगणकासमोरच्या ब्रेल पट्टीवर नेला. बोटांखाली टिंबं उठली: वाचता आलं नाही.

“पुन्हा तेच?” दारातून आर्तोचा आवाज आला.

“पुन्हा तेच.”

“राइया, मी तुझ्या मागे लागलोय असं नको समजूस. पण गुरुवारी भंगाराची गाडी येतेय. मला खोली रिकामी करून द्यायचीय.”

“मग गुरुवारी बोलू.”

आर्तो कुओपिओ शहरातल्या ब्रेल छापखान्याचा व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता. कॉफी करताना राइयासाठी न विचारता एक कप जास्त करायचा आणि ठेवताना टेबलावर टिचकी मारून जागा सांगायचा. पण छापखाना निम्म्या जागेत आणायचा हुकूम वरून आला होता, आणि या खोलीतलं जुनं यंत्र गेल्या हिवाळ्यात बंद पडलं होतं. बंद वस्तू ठेवायची नाही, असा नियम होता.

त्या यंत्रावर हेल्वी तुओविनेन यांची उभी हयात गेली होती. हेल्वीबाई अंधशाळेत संगीत शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, आणि उरलेल्या वेळात इथे बसून डोळसांची स्वरलिपी ब्रेलमध्ये उतरवायच्या. कोणीतरी शेजारी बसून एकेक स्वर वाचून दाखवायचं आणि बाई सहा कळांवर बोटं ठेवून तो टिंबांत टाकायच्या. राइया त्यांची विद्यार्थिनी, त्यांच्यासारखीच जन्मापासून आंधळी. ऑर्गन तिला बेताचाच जमला. ती संगणकाकडे वळली, आणि कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यात, काम करता करता तिचे केस पिकले.

बाईंच्या स्वरलिपी देशभर गेल्या होत्या. पण ब्रेलचा कागद वाचून वाचून झिजतो. टिंबं बोटांखाली दबत जातात आणि एक दिवस पान नुसतंच गुळगुळीत लागतं. आता नव्याने छापायचं, तर मूळ प्रत एकट्या त्या यंत्रातल्या डिस्कवर होती. ती वाचव, असं बाईंनीच राइयाला सांगितलं होतं.

डिस्क शाबूत होती, पण ती फक्त आपल्या कंट्रोलर कार्डाशी बोलायची, आणि त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे मधला दुभाषी प्रोग्रॅम, आजच्या कर्नलमध्ये नव्हता. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, माहितीपुस्तिका कुठेच सापडत नव्हती. राइयाने ते कार्ड बसेल असा एक जुना संगणक मिळवला, कार्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम बाइटमागून बाइट वाचून काढला, आणि त्याला कशी हाक मारली की ते ओ देतं, हे हुडकून काढलं. ओ मिळत होती. डिस्क फिरत होती. पण वाचायची वेळ आली की डोकं माघारी पळत होतं.

अर्धवट ड्रायव्हर तिने कर्नल सांभाळणाऱ्या जगभरच्या लोकांच्या मेलिंग लिस्टवर पाठवून दिला होता. कर्नलमधला डिस्कचा विभाग सांभाळणारा डिर्क हार्म्स ब्रेमेनचा. आर्तो गेल्यावर तिने त्याचं उत्तर उघडलं.

‘हा ड्रायव्हर मी कर्नलमध्ये घेणार नाही. जे कोणी वापरत नाही ते सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत. अशा डिस्क संग्रहालयात काचेमागे ठेवाव्यात. बघायला छान दिसतात.’

राइया एकटीच मोठ्याने हसली. मग तिने उत्तर लिहिलं: ‘बघायला कशी दिसते मला ठाऊक नाही, मी आंधळी आहे. ऐकायला छान आहे. वापरणारी मी आहे. तुम्ही घेऊ नका. मी लिहिणार.’ आणि परत न वाचता पाठवून दिलं.

बाहेर छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून गळत होता. तिने खिडकी लावून घेतली, कारण त्या टपटपीत डिस्कचा आवाज हरवत होता. पुन्हा बटण दाबलं. खर्र, टक, टक. तिने खाली झुकून कान पत्र्याला लावला. थंडगार पत्रा. पुन्हा. आणि पुन्हा.

ऑर्गन शिकताना बाई तिच्या पाठीत बोट टोचायच्या. ‘अगं, नळीत हवा तरी भरू दे! स्वर उठायच्या आत पुढच्या पट्टीवर उडी मारतेस.’ तिला तेव्हा ते कळलं नव्हतं. आता कान लावून बसल्यावर तिला नीट ऐकू आलं: डोकं पावलापावलाने पुढे जात होतं, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, आणि त्याचं शेवटचं पाऊल टेकायच्या आतच कार्ड त्याला विचारत होतं, काय लिहिलंय सांग. ते बिचारं गोंधळून घरी पळत होतं. घाई डिस्कची नव्हती, कार्डाला दिलेल्या हुकमातच होती. पावलांचा वेग सांगणारा आकडा तिने नव्या डिस्कच्या हिशेबाने टाकला होता.

तिने तो आकडा बदलला. चाल संथ केली.

खर्र, टक, टक, टक, टक. आणि शांतता. डोकं जिथे गेलं होतं तिथेच थांबलं. ब्रेल पट्टीवर टिंबांची रांग उठली, आणि ती स्वरलिपी होती.

राइयाने ती रांग पहिल्यापासून पुन्हा वाचली. मग तिने कॉफीचा कप शोधला. कॉफी पार गार झाली होती. तिने ती तशीच संपवली.

बुधवारी हेल्वीबाई टॅक्सीने आल्या. वय झालं होतं, पण जिना चढताना त्यांनी आर्तोचा हात झिडकारला. “कठडा आहे ना? मग तू कशाला?” खोलीत आल्यावर त्यांनी नाक वर करून वास घेतला. निवृत्तीच्या दिवशी किल्ली काढून घेतल्यापासून त्या इथे आल्या नव्हत्या.

राइयाने डिस्कवरचं सगळं सर्व्हरवर उतरवून घेतलं होतं आणि एका प्रार्थनागीताचं पहिलं पान छापून ठेवलं होतं. ते तिने बाईंच्या हातात दिलं. आर्तोने खुर्ची पुढे केली.

“बाई, सगळं वाचलं बरं का,” तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. “आता सर्व्हरवर कायमचं राहील. उद्या हे जुनं लोखंड गेलं तरी काही बिघडत नाही.”

बाई वाचू लागल्या होत्या. त्यांचं डावं बोट ओळीवरून सरकत होतं आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलकेच वाजत होती. मग दोन्ही थांबली.

“हे चुकलंय.”

“काय चुकलं?” राइया पुढे झुकली.

“इथे. डाव्या हाताने वाजवायच्या ओळीत. चौथं टिंब जास्त पडलंय, त्यामुळे स्वर एक पायरी खाली येतो.” त्यांनी राइयाचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. “मी टाकलंय ते. छापून गेल्यावर कळलं. दुरुस्त करू द्या म्हणून फोन केला, तर इथले म्हणाले, आता तुमची नोकरी संपली.”

“बाई, मी हे गाणं असंच वाजवत आलेय.”

“ठाऊक आहे. ऐकलंय मी. सगळा देश असंच वाजवतो. दरवेळी तिथेच मला ठेच लागते.”

आर्तो खाकरला. “एकच टिंब ना? ते सर्व्हरवरच्या प्रतीत लगेच खोडता येईल.”

“एकच असतं तर मी टॅक्सी करून आले असते का रे? मला सगळं पहिल्यापासून तपासायचंय. दोन्ही हातांचे ठोके जुळतात की नाही ते माझा प्रोग्रॅम बघतो. माझ्या कळा कुठे आहेत?”

सहा कळांची पेटी कपाटात होती. प्रोग्रॅमही डिस्कवर होता. पण त्या काळच्या बऱ्याच प्रोग्रॅमांसारखा तोही आधी आपली मूळ डिस्क समोर आहे ना हे तपासायचा, आणि नक्कल पुढे केली की तोंड मिटून बसायचा. राइयाने हे आधीच करून पाहिलं होतं. त्याला मूळ डिस्कच हवी होती, तीही लिहिता येणारी. आणि राइयाचा ड्रायव्हर मुद्दामच फक्त वाचणारा होता. इतक्या जुन्या पत्र्यावर लिहायला जायचं आणि डोकं कुठेतरी घासलं, तर सगळंच जाईल.

तिने हे बाईंना सांगितलं.

“जाईल म्हणजे काय जाईल? नक्कल आहे ना तुझ्याकडे?”

“नक्कल आहे. पण तुमचा प्रोग्रॅम जाईल, बाई. मग हे कधीच करता येणार नाही.”

“अगं, आता तरी कुठे करता येतंय?” बाईंनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. “चूक जपून ठेवायला मी डिस्क वाचवायला सांगितली नव्हती. लिही तू.”

आर्तोने हताश होऊन श्वास सोडला. “बाई, उद्या गाडी येतेय. नियम माझा नाही. बंद यंत्र—”

“बंद असेल तेव्हा ने,” बाई म्हणाल्या.

राइया दुपारभर ड्रायव्हरमध्ये लिहिण्याची सोय करत बसली. बाई शेजारी बसून दालचिनीचा पाव खात होत्या आणि अधूनमधून “झालं का?” विचारत होत्या. मध्येच ब्रेमेनहून मेल आला. डिर्कने तिचा ड्रायव्हर पुन्हा वाचला होता. ‘घेणार नाही हे कायम,’ त्याने लिहिलं होतं. ‘पण पुढेमागे लिहिण्याची सोय करणार असाल, तर प्रत्येक वेळी लिहिलेलं लगेच वाचून पडताळून बघा. ही जुनी कार्डं न लिहिताच “लिहिलं” म्हणून सांगतात. माझ्या वडिलांच्या दुकानात तसलं एक होतं.’ खाली त्याने स्वतः लिहिलेल्या चार ओळी जोडल्या होत्या. राइयाने आभार मानले नाहीत. ओळी घेतल्या, आणि ड्रायव्हरच्या वर स्वतःच्या नावाखाली त्याचं नाव टाकलं.

संध्याकाळच्या आत तिने एका कोऱ्या जागेवर लिहून पाहिलं. डोकं चालत गेलं, थांबलं, टेकलं. लिहिलेलं परत आलं, जसंच्या तसं.

गुरुवारी सकाळी आर्तो छापखान्यात शिरला तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. कपाटातल्या कळा टेबलावर होत्या आणि हेल्वीबाई त्यांच्यासमोर ताठ बसल्या होत्या, रविवारच्या कपड्यांत. राइया डिस्कच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी होती.

“टाकते हं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ते एक अक्षर खोडलं, चौथ्या टिंबाची कळ सोडून त्याच अक्षराच्या बाकीच्या कळा दाबल्या आणि पान जतन केलं. डिस्क खरखरली. पावलं चालत गेली. राइया ती मोजत होती. टक. मग पडताळणीचं दुसरं, हलकं टक. ब्रेल पट्टीवर टिंबं उठली आणि राइयाने आपलं बोट न उचलता मान हलवली. मग बाईंना मान दिसणार नाही हे आठवून ती म्हणाली, “बसलं.”

“मग पुढे चल,” बाई म्हणाल्या.

खाली गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. जिन्यावर जड बूट वाजले. दोन हमाल दारात उभे राहिले, त्यांच्या कपड्यांबरोबर ओल्या बर्फाचा वास आत आला.

“हेच न्यायचं ना?” एकाने आर्तोला विचारलं.

आर्तोने टेबलाकडे पाहिलं. डिस्क फिरत होती. त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला.

“त्यांना विचारा,” तो म्हणाला.

बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांची सहाही बोटं कळांवर होती.

“नंतर या,” त्या म्हणाल्या. “अजून उजवा हात व्हायचाय.”