दहा ते तीन

काजवाल्या मावशींना वेळेचं गणित शिकवायची कुणाची टाप नव्हती. शर्टाचं एक काज चार मिनिटांत, सात काजांचा शर्ट अर्ध्या तासाच्या आत. घड्याळ चुकेल, पण मावशींचा हात चुकायचा नाही. मुलगा परदेशी निघाला तेव्हा त्यांनी त्याचं तिकीट पाहिलं होतं: सुटणार सकाळी दहाला, पोचणार त्याच दिवशी दुपारी तीनला. म्हणजे पाच तास.

"लांब आहे गं आई," तो फोनवर म्हणायचा.

लांब म्हणे! दहा शर्टांवर तर राहतोस, मावशी मनात म्हणायच्या.

मग नवरा गेला आणि हा दिवटा उगवला तिसऱ्या दिवशी. वडिलांचं तोंडही त्याला दिसलं नाही. मावशींनी अढी धरली ती धरलीच. चार वर्षं फोनवर फक्त तब्येत आणि हवापाणी. 'पाच तासांवरून तिसऱ्या दिवशी?' एवढं त्याला तोंडावर ऐकवायचं, म्हणूनच त्यांनी या वेळी त्याने पाठवलेलं तिकीट घेतलं. तेच, दहा ते तीन.

विमानात सुई नव्हती. मावशींनी रिकाम्या बोटांनीच शालीच्या काठावर काजं घालायला घेतली. दहा शर्ट झाले. सूर्य पंखाच्या टोकावर होता तिथेच. मावशींचा डोळा लागला. नवरा कटिंगच्या टेबलावर पाय हलवत बसला होता. "अजून किती गं?" तो विचारत होता. जाग आली तरी सूर्य तिथेच, ढगही तेच. पंधरा शर्ट. वीस.

"बाई, तुमचं घड्याळ बंद पडलंय का?" त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं.

ती हसली. "आजी, आपण सूर्याच्या मागे मागे चाललोय, म्हणून दुपार सरत नाही. जातोय तिथली घड्याळं आपल्यापेक्षा मागे असतात. प्रवास साडेचौदा तासांचा आहे."

साडेचौदा! मावशींनी खाली पाहिलं. समुद्र, आणि पुन्हा समुद्रच. याच वाटेनं तो उलटा आला होता, वडील गेल्याचं पोटात घेऊन, एकटा, अशाच एका खुर्चीत. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढची काजं त्यांना धड दिसेनात.

विमानतळावर तीन वाजले होते. मुलगा कठड्याला टेकून उभा होता, कानांवरचे केस पांढरे झालेले.

"दमलीस ना आई?"

राखून ठेवलेलं वाक्य काही केल्या ओठांवर येईना.

"बाबा गेले, तेव्हा तू कधी निघालास रे?"

त्यानं त्यांची पिशवी घेतली. "फोन ठेवला आणि निघालो. विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं."

त्याच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं. मावशींनी ते काजात सरकवलं, पण हात काही मागे घेतला नाही.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या. "एकतीस शर्ट होतात वाटेत. मी तुला दहाच धरत होते."