उलटा हत्ती

मित्रांनो, मी बुद्धिबळाच्या पटावरचा एक जुना काळा हत्ती आहे. सावंतवाडीच्या एका सुताराने मला लाकडातून घडवले आणि इब्रामपूरच्या सगुणने आपल्या लेकीसाठी, सिद्धीसाठी, आमचा डबा विकत आणला. बापलेक संध्याकाळी ओसरीवर खेळत. प्यादे पटाच्या टोकाला पोचले की त्याचा वजीर होतो. पण डब्यात काळा वजीर एकच. तो पटावर असताना दुसरा लागला, तर सगुण मारला गेलेला हत्ती, म्हणजे मला, उलटा उभा करी. "गो बाय, उलटो हत्ती म्हणजे वजीर!" डोक्यावर उभा राहून मी केवढा मिरवायचो!

गोवा राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी डिचोलीत मुलांची स्पर्धा झाली. पट आणि मोहरे घरूनच न्यायचे होते. शेवटचा डाव जिंकेल तो नव्या राज्याच्या संघात जाणार होता. सिद्धीसमोर गौरेश नावाचा मुलगा होता. तिचे काळे प्यादे टोकाला पोचले. सवयीने तिने मला उलटे ठेवले आणि घड्याळ दाबले. पुढच्याच चालीला हा वजीर तिरका गेला की गौरेशवर मात होती.

गौरेशने हात वर केला. "सर, हत्ती शीर्षासन करता!"

मुले हसली. पंच आले. "उलटो केलो तरी हत्ती तो हत्तीच. दुसरो वजीर लागलो तर घड्याळ थांबवन माझ्याकडे मागायचो."

सगुण दारातून पुढे आला. "सर, चूक माझी. मियांच शिकयलां तिका."

सिद्धीने मान वर केली नाही. "बाबा, तू भायर रव. तुका काय कळना."

तो चपला हातात घेऊन बाहेर गेला. हत्तीला तिरके चालता येत नाही. मात हुकली आणि थोड्या वेळाने डावही गेला. पण मला शरम वाटली ती तिच्या त्या शब्दांची. सगळ्यांदेखत डोक्यावर उभा होतो तो मीच ना!

त्याच आठवड्यात सगुणने काजूच्या फांदीतून एक वजीर कोरला, बूटपॉलिशने काळा केला आणि माझ्याशेजारी ठेवला. डबा त्याने सिद्धीसमोर सरकवला.

"अभ्यास आसा," ती म्हणाली.

आत काय आहे ते त्याने सांगितले नाही. डबा कपाटावर गेला आणि तिथेच राहिला.

बऱ्याच वर्षांनी सगुण वारला. बाराव्यानंतर कपाट आवरताना सिद्धीने डबा उघडला. वाकड्या मुकुटाचा तो वजीर तिने नाकाशी धरला. पॉलिशचा वास कधीच उडाला होता. मग तिने पट मांडला, वजीर त्यावर ठेवला आणि मला त्याच्याशेजारी सरळ उभे केले.

मित्रांनो, मोहरे पुसून ठेवा, एवढे तर मी सांगणारच. पण डबा मधूनमधून उघडतही जा. आत कोणीतरी तुमच्यासाठी काही ठेवलेले असते, आणि सांगायला त्याला लाज वाटत असते.