गौरीपुढची नावं

रंगूबाईनं साखरपुड्याची साडी तुळसाच्या ओसरीवर टाकली तेव्हा श्रावणातली भर दुपार होती. टाकली कसली, भिरकावलीच. तुळसा फाटकं जाळं सांधत बसली होती. साडी त्या जाळ्यावर येऊन पडली, तरी तिनं मान वर केली नाही.

"ही घे तुजी साडी," रंगूबाई म्हणाली. "माजे पोरीला आता मोकली कर."

"साडी नामानी घेतलेली. तो आयला का त्याचे हातान दे."

"तो कवा येल गो?"

"येल तवा येल."

"तुलसा, डोका ठिकानावर हाय का तुजा? खारीचे पान्यान बुडी मारलेला पोर तो!"

"बुडी मारलेला. मेलेला कोनी बघलाय? तू बघलास?"

माझं घर तुळसाच्या घराला लागून, मधे एक कुडाची भिंत. असलं भांडण चालू असताना घरात तांदूळ निवडत बसणारी बाई मी नव्हे. मी तांब्या घेऊन बाहेर आले, रंगूबाईला पाणी पाजलं. घसा ओला झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि शेवटी रडायलाच लागली. तुळसा मात्र रडली नाही. तिनं साडी उचलली, झटकली, नीट घडी केली आणि रंगूबाईच्या हातात परत दिली.

आमचा खाजणपाडा डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा दारातल्या चिखलात हात घातला तरी निवट्या मासे सापडायचे. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं. मासा गेला, चिखलाला घासलेटासारखा वास यायला लागला, आणि आमची तरणी पोरं जाळी खुंटीला टांगून रेतीवर जायला लागली. होडी मधोमध उभी करायची, दोराला बांधलेली बादली घेऊन तळाला बुडी मारायची, रेती भरायची, दोर हलवायचा की वरच्यानं ओढायचं. तुळसाचा नामा त्यात पट्टीचा. मार्गशीर्षात एका सकाळी होडीवर त्याचा बाप दामाजीच होता. दोर हलला नाही. दामाजीनं ओढला तर रिकामी बादली वर आली.

ओहोटीचं पाणी कुठून कुठे नेतं ते आम्हाला शिकवायला नको. पार ठाण्याच्या पुलापर्यंत होड्या फिरल्या. नामा मिळाला नाही. दामाजी त्या दिवसापासून हो-नाही इतकंच बोलायला लागला. आणि तुळसा म्हणाली, देह दाखवा, मग रडते.

तिनं सुतक पाळलं नाही, दहावं घातलं नाही. कुणी तरी मूर्खानं सांगितलं, विठ्ठलवाडी स्टेशनात नामासारखा एक पोरगा दिसला. झालं. किती तरी दिवस ती सकाळची तिथे जाऊन जिन्याखाली उभी राहायची, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांची तोंडं बघत. मला त्या सांगणाऱ्याची जीभ हासडावीशी वाटायची.

पण या सगळ्यात अडकली ती रंगूबाईची शेवंती. सतरा सरून अठरावं लागलेलं. नामाशी साखरपुडा झालेला, लग्न माघात व्हायचं होतं. नामा गेला म्हणावं तर त्याची आई म्हणते, तो आहे. आहे म्हणावं तर नवरा कुठाय? शेवंतीचा बाप धाकू, त्याला दिवा गावचं एक चांगलं स्थळ आलं होतं. ते लोक गौरीपर्यंत थांबायला तयार होते, पुढे नाही. धाकू गावकीत गेला. सीतारामबुवा आमच्या पाड्यातला जाणता माणूस. तो म्हणाला, "घरचा माणूस बोलल्याशिवाय गाव कसा बोलनार? गवरीच्या फेरान मालू नावा वाहील. नामाचा नाव घेतला तर पोर बांधलेली, नाय घेतला तर मोकली. गवरीपुढं खोटा कोन बोलत नाय."

मालू म्हणजे तुळसाची धाकटी, नामाची बहीण. सोळा वर्षांची, अंगानं काडी, आणि आवाज असा की खाडीपलीकडच्या म्हशी माना वर करतील.

आमच्याकडे तेरड्याची गौर येते. तिच्या तिसऱ्या दिवशी, विसर्जनाआधी, वरल्या आणि खालल्या आळीच्या कुवार पोरी समोरासमोर उभ्या राहतात आणि गाण्यानं झुंजतात. गाणं तिथल्या तिथं जुळवायचं. समोरची जिथे थांबली तिथून उचलायचं. अडखळली ती हरली. हसा, टोचा, कुणाच्या बापाच्या दारूवर बोला, सगळं माफ. शेवटी प्रत्येक आळीची म्होरकी गौरीपुढे आपल्या घरातली नावं वाहते, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, प्रत्येकाला नवी ओळ. जिवंत माणसांचीच. गेलेल्याचं नाव गौरीला वाहत नाहीत. आणि ज्या घरात सुतक, त्या घरची पोर फेरातच उभी राहत नाही. जिंकलेल्या आळीच्या म्होरकीच्या डोक्यावर गौर खाडीला जाते. गेली तीन वर्षं ती मालूच्या डोक्यावरून गेली होती.

दोघीतिघींनी कुजबुज केली, की यंदा मालूनं उभं राहू नये. तुळसानं ती ऐकली आणि रस्त्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का? माजे घरान काय झालाय?" कुजबुजणाऱ्या घागरी उचलून चालू लागल्या. मीही घरात शिरले.

त्या दिवसापासून ती मालूला घेऊन बसायला लागली. तुळसा स्वतः एके काळी फेराची म्होरकी. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"नामा माजा भाव गो, भरतीचे पान्यान येल. बोल."

"नामा माजा भाव गो..."

"खाली नको बघू. खाली बघून बोललंस का आवाज बसतो. परत बोल."

मालू परत म्हणायची. ओळ गोड होती, नाही म्हणत नाही. पण ऐकताना माझी तव्यावरची भाकरी करपायची.

गौर आली त्या दिवशी मी विहिरीवर धुणं घेऊन गेले तर शेवंती आणि मालू दगडावर बसलेल्या. फेरात या दोघी एकमेकींचे केस उपटायच्या बेतात असतात, एरवी एका ताटात जेवणाऱ्या. मला बघून गप्प झाल्या. मग शेवंतीच म्हणाली, "हौसा काकी काय परकी नाय," आणि पुढे बोलायला लागली.

"मना पन वाटतं गो मालू, तो यावा. मी रोज खारीवर बघते. पन मी कोन हाय आता? ना सवाशीन, ना कुवारी. हलदीकुंकवाला बोलवताना बाया एकमेकींची तोंडा बघतान. तुना काय वाटतं? तो हाय?"

मालू कपडा पिळत राहिली. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"बापूस झोपेत दोर वढतो," ती म्हणाली. "रोज."

"मग?"

"मी नाव नाय घेतलं तर आये मरल माजी."

"आन घेतलंस तर मी," शेवंती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. बादली उचलून ती गेली. मालूनं माझ्याकडे बघितलं. एवढं आयुष्य गेलं, जगाला अक्कल शिकवते मी, पण तेव्हा मी खाली मान घालून धुणं आपटायला लागले.

फेराच्या दिवशी दुपारी ऊन-पावसाचा खेळ चालला होता. देवळापुढचं अंगण चिखलानं घसरडं झालेलं, तरी सगळा पाडा जमलेला. गौर पाटावर बसवलेली. पुरुष देवळाच्या पायऱ्यांवर, बायका पुढे. तुळसा सगळ्यांत पुढे, नवं लुगडं नेसून, कुणी लग्नाला बसावं तशी.

ढोल वाजला आणि वरल्या आळीकडून मालूनं सुरुवात केली.

"खालले आलीच्या पोरी गो, सुकल्या चवलीच्या शेंगा,
आमचे अंगनान येऊन गो, घालतान नुसता दंगा!"

खालल्या आळीनं पाय आपटले. त्यांची म्होरकी शेवंती, तिनं उचललं.

"दंगा आमचा नाय गो, दंगा तुमचेच दारी,
एके वाटीचे कालवनावर भांडतान सासवा चारी!"

हशा पिकला. चार सासवांमध्ये मी एक, तेव्हा मलाही हसावं लागलं. मालूनं दम घ्यायला वेळच घेतला नाही.

"चारी सासवा बऱ्या गो, सुनांना देतान भाकर,
तुमचे आलीचा पाव्हना गो, चायला मागतो साखर!"

असं ते रंगत गेलं. एकीची ओळ संपते न संपते तोच दुसरीची सुरू. पोरी घामानं आणि पावसानं निथळत होत्या. किती तरी दिवसांनी मालूच्या तोंडावर तिचं वय दिसलं. शेवंतीही हसली. मला वाटलं, देवा, हे इथेच असंच चालू राहू दे, नावांपर्यंत जाऊच नये. अखेर खालल्या आळीची एक पोर चिखलात घसरली, तिच्याबरोबर सगळी रांग बसली, आणि हसता हसता शेवंतीची ओळ चुकली. वरल्या आळीनं जल्लोष केला. आता नावं वाहिली की गौर मालूच्या डोक्यावर.

सीतारामबुवानं हात वर केला. अंगण गप्प झालं. मालू गौरीसमोर उभी राहिली. ढोल हलका झाला.

"दामाजी माजा बापूस गो, खारीची ठेवतो जाग."

पायरीवर बसलेल्या दामाजीनं डोळे मिटले.

"तुलसा माजी आय गो, चुलीची राखते आग."

आईनंतर थोरला. तुळसाचे ओठ हलायला लागले होते, शिकवलेली ओळ ती मनात म्हणत होती. ढोलवाल्यानं एक आवर्तन सोडलं, मग आणखी एक. मालू आईकडे बघत होती. खाली बघू नको असं तिला शिकवलेलं, आणि तिनं खाली बघितलं नाही.

"मालू त्यांची एकली गो, गवरी धरू नको राग..."

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला, पण ओळ तिनं पुरी केली.

ढोल वाजायचा थांबला नाही, ढोलवाल्याला कळलंच नाही बहुतेक. आम्हा बायकांना कळलं. धाकूला कळलं, आणि ज्यासाठी गावकीत गेला होता ते मिळूनही त्याला मान वर करवेना. शेवंती तोंडात पदर कोंबून मटकन खाली बसली.

तुळसा उठली. मला वाटलं, आता ही पोरीला मारते. मी पुढे झाले. पण ती मालूजवळ गेलीच नाही. ढोलवाल्याकडे वळली.

"ढोल थांबव रे पोरा," ती म्हणाली. "माजे घरान सुतक हाय."

घराकडे जाताना ती एकदा घसरली. तिला सावरायला धावली ती रंगूबाई. तुळसानं तिचा हात झटकला नाही. सुतकातल्या पोरीच्या डोक्यावर गौर देता येईना, म्हणून त्या वर्षी ती शेवंतीनं नेली. गाजावाजा न करता, भर पावसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामाजी सीतारामबुवाला बोलवून आला. देह नाही, तेव्हा पिठाचा माणूस करून त्यालाच अग्नी द्यायचा. पीठ मळायला मी पुढे झाले. तुळसा म्हणाली, "माजा मी मलते." भाकरीला घेते तसं तिनं तांदळाचं पीठ परातीत घेतलं, गरम पाणी घातलं, मळलं. हात केले, पाय केले. मालू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. 

"डोका मोठा झाला," तुळसा म्हणाली आणि चिमूटभर पीठ काढून घेतलं. "त्याचा यवरा डोका नव्हता."

कान काढता काढता म्हणाली, "मी टाकला नसता त्याचा नाव. शेवंती म्हातारी झाली असती तरी."

"मना ठाव हाय, आये."

"ठाव व्हता तरी टाकलंस."

"व्हय."

तुळसानं पिठाला नाक काढलं. 

खाडीवर लाकडं रचली. सीतारामबुवा म्हणाला, अग्नीआधी घरच्या माणसानं त्याच्या कानात नाव घ्यायचं, म्हणजे जीव येऊन बसतो. दामाजी पुढे वाकला. मग तसाच मागे सरला. तेव्हा तुळसानं ते पिठाचं पोर दोन्ही हातांवर घेतलं आणि मालूपुढे धरलं.

"काल नाव गिललंस ना? आता तूच घे. मोठ्यान घे. तो तलाला हाय, त्याला आयकू गेला पायजे."

मालू वाकली. अख्ख्या अंगणाला गप्प करणारी पोरगी, तिच्या घशातून वारासुद्धा निघेना. मग तुळसानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिलं अक्षर हळूच काढून दिलं, गाणं शिकवताना देते तसं.

"नामा!" मालू ओरडली.

खाडीत रेतीच्या होड्या उभ्या होत्या. त्यांवरच्या पोरांनी हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघितलं. मग तुळसा रडायला लागली. मार्गशीर्षापासूनचं सगळं रडली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही.